स्कार्फ, खुनी आणि एक ‘देशद्रोही’

१६ जानेवारी १९६२, मंगळवार. पश्चिम बर्लिनमधल्या ‘डेर आबेंड’ या सायंदैनिकात एक छोटी जाहिरात छापून आली. मजकूर चार-दोन ओळींचाच. उद्या बुधवारी संध्याकाळी घरी बसू नका, बसून उपयोग नाही, कारण स्कार्फने गळा आवळणारा खुनी डीटर बोर्शे आहे. तेव्हा उद्या सरळ सिनेमाला जा, असा त्याचा आशय. खाली नाव नव्हतं. ‘एक सिनेमाप्रेमी’ एवढीच सही, आणि सोबत एका नव्या चित्रपटाचं नाव.

दुसऱ्या दिवशी रात्री पश्चिम जर्मनीच्या टेलिव्हिजनवर ‘दास हाल्सटूख’ (म्हणजे ‘स्कार्फ’) या सहा भागांच्या खूनमालिकेचा शेवटचा भाग दाखवला जाणार होता. गेले पंधरा दिवस सगळा देश खुनी कोण, या एका प्रश्नाभोवती फिरत होता. आणि कुणीतरी पैसे मोजून, जाहिरातीच्या रकान्यात, चोवीस तास आधी त्याचं उत्तर छापलं होतं. हा सिनेमाप्रेमी म्हणजे वोल्फगांग नॉइस हा विनोदी नट आहे, हे लगेच बाहेर आलं. ‘बिल्ड’ या प्रचंड खपाच्या दैनिकाने त्याला ‘देशद्रोही’ ठरवलं. त्याला धमक्या आल्या.

एका मालिकेचा शेवट सांगितला म्हणून देशद्रोही! मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर तारीख नीट पाहिली. जानेवारी १९६२. बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभी राहायला लागली होती. म्हणजे भिंतीला जेमतेम पाच महिने झालेल्या शहरात, जिथे खरोखरच माणसं पळून जाताना मारली जात होती आणि ‘देशद्रोह’ या शब्दाला तुरुंगाचा वास होता, तिथे हा शब्द एका नटाला एका टीव्ही मालिकेपायी लावला गेला. मग हसू ओसरलं आणि मी त्या प्रकरणाच्या मागे लागलो. त्याला आता बारा वर्षं होतील.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सहकारी बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केली आणि जर्मन शिकलो तो पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकांवर. त्यामुळे माझे उच्चार ऐकले तर एखादा जर्मन माणूस मलाच देशद्रोही म्हणेल. पण वाचता येतं, आणि या कामापुरतं ते पुरलं.

जर्मनीच का, हे आधी सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ‘द ओल्ड फॉक्स’ नावाची जर्मन पोलिसमालिका लागायची. त्याच काळातल्या ‘टेलिमॅच’ची आठवण बहुतेकांना असते, ‘ओल्ड फॉक्स’ची कमी जणांना. मिरजेत आमच्या आळीत तेव्हा दोन टीव्ही होते. त्यातला एक निवृत्त पोस्टमास्तर भाऊकाकांकडे. ते दार उघडं ठेवायचे आणि आम्ही पोरं उंबऱ्यापासून आत सरकत सरकत थेट त्यांच्या आरामखुर्चीच्या पायाशी पोहोचायचो. संवादातलं निम्मंही कळायचं नाही. पण भाऊकाका पहिल्या दहा मिनिटांत खुनी कोण ते सांगायचे आणि बऱ्याचदा बरोबर असायचे. त्यांचा नियम साधा होता: जो पेला हातात घेतो आणि प्यायचं विसरतो, त्याच्यावर लक्ष ठेव. पुढे ‘ब्योमकेश बक्षी’ लागायला लागलं तेव्हा त्यांनी तोच नियम चहाला लावला. आळीत त्यावरून वाद व्हायचे. दुसऱ्या दिवशी नळावर, किराणा दुकानात, शाळेच्या वाटेवर प्रत्येकाचा एक खुनी असायचा. अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचून वाढलेली ती पिढी, तिला तर्क लढवायला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

तर ‘हाल्सटूख’. मूळ लेखक इंग्रज, फ्रान्सिस डरब्रिज. १९१२ साली हल शहरात जन्मलेल्या या गृहस्थाने १९३८मध्ये बीबीसीच्या रेडिओसाठी पॉल टेम्पल हा रहस्यकथा लिहिणारा हौशी गुप्तहेर निर्माण केला, आणि युद्धानंतर त्याच पॉल टेम्पलची जर्मन रेडिओ-रूपांतरं पश्चिम जर्मनीत तुफान चालली. टेलिव्हिजन आल्यावर डरब्रिज तिकडेही गेला. १९५९पासून त्याच्या मालिका जर्मनीत नव्याने, जर्मन नटांना घेऊन तयार होऊ लागल्या. ‘द स्कार्फ’ ही मूळची १९५९ची बीबीसी मालिका. तिची जर्मन आवृत्ती कलोनच्या प्रसारण संस्थेने काढली, दिग्दर्शक हान्स क्वेस्ट. ३ जानेवारी ते १७ जानेवारी १९६२ या काळात तिचे सहा भाग दाखवले गेले.

गोष्ट अशी: इंग्लंडमधलं एक खेडं. एका तरुणीचा स्कार्फने गळा आवळून खून होतो. लंडनचा एक प्रकाशक, क्लिफ्टन मॉरिस, संशयात सापडतो. इन्स्पेक्टर यीट्स तपास करतो. खेड्यातला प्रत्येक जण काही ना काही लपवतो आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी एक दार उघडतं किंवा एखादा फोन वाजतो, आणि आदल्या भागात निर्दोष वाटलेला माणूस एकदम काळा दिसायला लागतो. आज बघितलं तर सगळं संथ वाटतं. माणसं खोलीत येतात, टोपी काढतात, बसतात, बोलतात, उठतात. स्टुडिओतल्या भिंती दार लावताना थोड्या हलतातही.

आणि हे बघायला देश घरात बसला. प्रेक्षकसंख्येचा जो आकडा नोंदला गेला तो ८९ टक्क्यांपर्यंत जातो. असा कार्यक्रम ज्याने रस्ते ओस पडतात त्याला जर्मन भाषेत ‘श्ट्रासनफेगर’, म्हणजे रस्ते झाडणारा, असा शब्द आहे, आणि डरब्रिजच्या मालिकांच्या नावामागे तो कायमचा चिकटला. त्या रात्रींच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्या सगळ्या जशाच्या तशा घेऊ नयेत. कारखान्यांच्या रात्रपाळ्या बंद पडल्या, राजकीय सभा रिकाम्या राहिल्या, नाटकाच्या तिकीटखिडक्या ओस पडल्या, हे सगळं पुन्हा पुन्हा छापलं गेलं आहे आणि प्रत्येक वेळी थोडं वाढलं आहे. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा आपल्याकडे एसट्या थांबल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही वाढ कशी होते ते सांगायला नको. पण कथेतला निम्मा भाग गाळला तरी जे उरतं ते पुष्कळ आहे.

त्याचं एक कारण अगदी साधं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत टीव्ही परवान्यांची संख्या दहा लाखांपर्यंत पोहोचली होती. १९६२ उजाडलं तेव्हा ती साठ लाखांच्या आसपास होती. घरोघरी पेटी आली होती, पण तिच्यात बघायला फार काही नव्हतं. दुसरी मोठी वाहिनी १ एप्रिल १९६३ला सुरू झाली. तोवर प्रादेशिक संस्थांनी चालवलेला एक तात्पुरता दुसरा कार्यक्रम सोडला, तर सगळे एकच पडदा बघत होते. (आपल्याकडे तेव्हा टेलिव्हिजन फक्त दिल्लीत, तोही प्रायोगिक. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२पर्यंत थांबावं लागलं.)

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याकडे जर्मन लेखकांनीही पुरेसं लक्ष दिलेलं नाही. सहा भाग पंधरा दिवसांत. म्हणजे दोन भागांमध्ये अंतर दोन-तीन दिवसांचं, फार तर चार-पाच. हे अंतर तर्काला नेमकं मानवतं. रोज भाग असता तर विचार करायला वेळ मिळाला नसता. महिन्याने असता तर कोण कुठे उभा होता तेच विसरलं असतं. दोन दिवसांत माणूस कचेरीत एक अंदाज मांडतो, दुसऱ्याचा खोडतो, रात्री बायकोशी त्यावर वाद घालतो आणि आपला अंदाज थोडा सुधारतो, तोवर पुढचा भाग येऊन सगळं उलटं करतो. १९८०मध्ये अमेरिकेत ‘डॅलस’ या मालिकेत जे. आर. यूइंगवर गोळी कुणी झाडली, हा प्रश्न मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आठ महिने लोंबकळत राहिला. तिथे लोकांचे तर्क इतके सगळीकडे पोहोचले की लोकांनी त्यावर पैजा लावल्या, आणि उत्तराच्या भागाला ८ कोटींच्या वर अमेरिकन प्रेक्षक बसले. पण आठ महिन्यांत तर्काची जाहिरात होऊन बसते. कपबशा आणि शर्ट विकले जातात. ‘हाल्सटूख’च्या पंधरा दिवसांत तसं काही विकायला कुणाला वेळच नव्हता. ते तर्क कोऱ्या तोंडी स्वरूपाचे होते, आणि म्हणून त्यांचा मागमूस काढणं माझ्यासारख्याला अवघड गेलं.

जो मागमूस उरतो तो नॉइसच्या जाहिरातीत आहे. ती पुन्हा वाचा. त्याने पात्राचं नाव दिलेलं नाही. खुनी ‘डीटर बोर्शे’ आहे असं म्हटलं आहे, आणि ते नटाचं नाव! कुणालाही ते खटकलं नाही, कारण लोक घराघरांत तसंच बोलत होते. ‘मला वाटतं ड्राखे असणार’, ‘छे, ड्राखे इन्स्पेक्टर आहे’, ‘मग लीफेन?’, ‘लीफेनवर पहिल्या भागातच संशय आला, म्हणजे तो नव्हेच.’ हे संवाद मी रचलेले आहेत, पण असेच झाले असणार याबद्दल मला शंका नाही, कारण भाऊकाकांच्या ओसरीवर आम्ही पंकज कपूर आणि रजित कपूर यांची नावं घेऊन असंच बोलायचो. प्रेक्षकांचा तर्क गोष्टीच्या आतला नसतोच नुसता. नट केवढा मोठा आहे, त्याला एवढंसंच काम का दिलं असेल, याने याआधी कोणत्या भूमिका केल्या, अशा बाहेरच्या गोष्टींवर तो चालतो. डीटर बोर्शे पन्नाशीच्या दशकातला आघाडीचा चित्रपटनट. ‘नाख्टवाखे’ या १९४९च्या चित्रपटात त्याने केलेला कॅथलिक पाद्री लोकांच्या मनात बसला होता. राजबिंडा, मृदू, सभ्य. असा माणूस खुनी निघाला तर प्रेक्षकाला धक्का बसणार, आणि धक्का बसणार म्हणून चतुर प्रेक्षक त्याच्यावरच संशय घेणार. डरब्रिजला हे माहीत होतं. प्रेक्षकाला डरब्रिजला हे माहीत आहे हे माहीत होतं. ही साखळी कुठे थांबते ते कुणालाच सांगता येत नाही, आणि अशा मालिकांची सगळी मजा त्या न थांबण्यात असते.

नॉइसने ती थांबवली. राग त्याचा होता. ८९ टक्के लोकांनी पंधरा दिवस एकत्र बसून विणलेलं एका ओळीत उसवलं गेलं होतं. उत्तर काही गुप्त नव्हतं. हीच गोष्ट इंग्लंडात तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी पाहिलेली होती. पण रहस्य न फोडण्याचा एक अलिखित करार असतो. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२पासून ‘द माउसट्रॅप’ चालू आहे आणि तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना खुन्याचं नाव बाहेर न सांगण्याची विनंती केली जाते. तो करार आहे, कायदा नव्हे. नॉइसने करार मोडला आणि लोकांनी त्याला कायदा मोडल्याची शिक्षा दिली.

त्याने हे का केलं, याचं पहिलं उत्तर पैसा. जाहिरातीत नाव होतं ते ‘गेनोस म्युन्शहाउझेन’ या चित्रपटाचं. शीतयुद्धाची टर उडवणारा तो चित्रपट नॉइसने स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात काम केलं. १९५६ साली पश्चिम जर्मनीत सिनेमाची ८१ कोटींच्या वर तिकिटं खपली होती. १९६२मध्ये तो आकडा ४४ कोटींच्या आसपास आला. सिनेमावाल्यांचं घर जळत होतं आणि ती आग टीव्हीने लावली होती, असं त्यांचं मत होतं. तेव्हा जाहिरातीकडे दुकानदाराची भांडकुदळ चाल म्हणूनही पाहता येतं. मी बरीच वर्षं तसंच पाहिलं.

पण नॉइस नुसता दुकानदार नव्हता. १९२३ साली ब्रेस्लाऊत जन्मलेला, पूर्व आघाडीवर सैनिक म्हणून गेलेला. तिथून सुटका व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या डाव्या हाताची तर्जनी गोळीने उडवली होती. स्वतःला इजा करून आघाडी टाळणाऱ्याला तेव्हा मृत्युदंड होऊ शकत असे. तो वाचला, लष्करी इस्पितळात लोकांना हसवायला लागला आणि युद्धानंतर रंगमंचावर नगारा घेऊन उभा राहणारा नट म्हणून प्रसिद्ध झाला. १९६०मध्ये त्याने ‘विअर केलरकिंडर’ हा चित्रपट काढला. हिटलरच्या काळातलं आपलं वागणं सोयीस्करपणे तळघरात टाकून वर नीटनेटका संसार मांडणाऱ्या जर्मनांची त्यात थट्टा होती. तेव्हा ‘देशद्रोही’ हा शब्द त्याच्या आयुष्यात १९६२मध्ये पहिल्यांदा आला असेल असं मला वाटत नाही. बोट तोडणाऱ्या सैनिकाला तो शब्द आधीच माहीत असणार.

इथे माझा जुना सिद्धांत येतो आणि तो मला मागे घ्यायचा आहे.

१५ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे ‘हाल्सटूख’चा पहिला भाग लागायच्या तीन आठवड्यांपूर्वी, जेरुसलेमच्या न्यायालयाने ॲडॉल्फ आइखमानला फाशीची शिक्षा सुनावली. तो खटला एप्रिलपासून चालला होता आणि पश्चिम जर्मन टेलिव्हिजनने त्यावर नियमित कार्यक्रम दाखवले होते. त्याच पेटीवर, त्याच खोलीत. नाझी गुन्ह्यांचा तपास करणारं मध्यवर्ती कार्यालय लुडविग्सबुर्गला १९५८मध्ये सुरू झालं होतं. फ्रँकफुर्टचा ऑशविट्झ खटला उभा राहायला अजून दोन वर्षं होती. हजारो खुनी देशात मोकळे फिरत होते. कुणी डॉक्टर, कुणी कारकून, कुणी न्यायाधीश, कुणी पोलीस. आणि कोट्यवधी लोक संध्याकाळी बसून विचारत होते की इंग्लंडच्या एका खेड्यातल्या मुलीला कुणी मारलं. खून इंग्लंडात, नावं इंग्रजी, तपास स्कॉटलंड यार्डचा. १९५९पासून एडगर वॉलेसच्या कथांवरचे जे जर्मन चित्रपट धो धो चालले तेही इंग्लंडातच घडतात. म्हणजे जर्मनांनी आपल्या घरातला खून शेजारच्या घरात नेऊन ठेवला आणि तिथला खुनी शोधण्यात रमले, असा माझा सिद्धांत. खरा प्रश्न विचारायला लागू नये म्हणून खोटा प्रश्न एवढ्या जिवाच्या आकांताने विचारायचा. आणि ज्याने खोट्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, तो देशद्रोही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी हे मोठ्या आवेशात मांडलं. टाळ्याही पडल्या. मग एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी विचारलं, “अहो, मग इंग्रजांचं काय? त्यांनी ही मालिका आधी पाहिली ना? ते काय लपवत होते?”

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. घरी येऊन पाहिलं, तर ‘हाल्सटूख’च्याच गोष्टीच्या आवृत्त्या स्वीडन आणि फिनलंडमध्ये १९६२ सालीच झाल्या होत्या, इटलीत १९६३मध्ये. स्वीडन तर युद्धात तटस्थ. इटलीत डरब्रिज पुढेही भरपूर चालला. आणि इंग्रज? ते १९३८पासून डरब्रिज ऐकत होते, युद्ध जिंकण्याआधीही आणि नंतरही. लोकांना खुनी शोधायला आवडतो यासाठी त्यांच्या मनात अपराध असायला लागत नाही. मिरजेच्या आमच्या आळीने कुणालाही मारलेलं नव्हतं.

तेव्हा ‘जर्मन अपराधाने रस्ते ओस पाडले’ हे विधान मी मागे घेतो. जे मागे घेता येत नाही ते एवढंच की या दोन गोष्टी एकाच खोलीत शेजारी शेजारी होत्या. एकीमुळे दुसरी झाली असं नव्हे. पण त्या खोलीतल्या प्रेक्षकाला संशय घेण्याची केवढी तरबेज सवय होती, आणि ती सवय त्याने कुठे वापरली आणि कुठे वापरली नाही, हे पाहायला इतिहासकाराला कुणी बंदी करू शकत नाही.

त्याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण त्या मालिकेच्या आतच होतं. ते कळायला एकावन्न वर्षं लागली.

‘हाल्सटूख’मधल्या खेड्यात एक पाद्री आहे, नायजेल मॅथ्यूज. तोही संशयितांपैकी एक. उंच, डोळ्यांखाली फुगीर पिशव्या, आवाज खालच्या पट्टीतला. ही भूमिका हॉर्स्ट टापर्टने केली. पुढे १९७४पासून १९९८पर्यंत टापर्ट ‘डेरिक’ या मालिकेत इन्स्पेक्टर श्टेफान डेरिक झाला. २८१ भाग, शंभरावर देशांत विक्री. जगाला ठाऊक असलेला सगळ्यात प्रसिद्ध जर्मन पोलीस. शांत, न्यायी, थोडा उदास. आमच्या ‘ओल्ड फॉक्स’चा आणि ‘डेरिक’चा निर्माता एकच, हेल्मुट रिंगेलमान. ‘डेरिक’चे सगळे भाग लिहिणारा हेर्बर्ट राइनेकर हा युद्धकाळात एस्‌एस्‌चा युद्धवार्ताहर होता, आणि ते पुष्कळांना माहीत होतं. टापर्टचं मात्र कुणाला माहीत नव्हतं. २००८मध्ये तो वारला. एप्रिल २०१३मध्ये योर्ग बेकर या समाजशास्त्रज्ञाला दुसऱ्याच एका संशोधनासाठी सैनिकी नोंदी चाळताना कागद सापडले: टापर्ट वाफेन-एस्‌एस्‌मध्ये होता, आणि मार्च १९४३मध्ये ‘टोटेनकोफ’ विभागाच्या एका पलटणीत ग्रेनेडियर म्हणून त्याची नोंद आहे. टोटेनकोफ म्हणजे कवटी. स्वतः टापर्ट आयुष्यभर आपण सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत होतो आणि युद्धकैदी झालो, एवढंच सांगत आला होता. ही बातमी आल्यावर जर्मनीच्या दुसऱ्या वाहिनीने ‘डेरिक’चे जुने भाग पुन्हा दाखवायचे नाहीत असं ठरवलं.

नोंद एवढंच सांगते की तो त्या पलटणीत होता. त्याने कुठे काय केलं ते त्या कागदात नाही, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला तिथे कोणत्या वाटेने नेलं तेही त्यावरून ठरत नाही. मी त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवत नाही. पण जानेवारी १९६२मध्ये त्या गोऱ्या कॉलरच्या पाद्र्यावर देशभरात जेवढा संशय घेतला गेला असेल, त्याच्या एका पैशानेही कुणी तो कॉलर घालणाऱ्याला विचारलं नाही की तू बेचाळीस-त्रेचाळीस साली कुठे होतास. नटाचं सगळं चरित्र हाताशी धरून तर्क चालायचा, असं मी वर म्हटलं. याने कोणत्या भूमिका केल्या, हा केवढा मोठा, याला छोटं काम का दिलं. फक्त एक प्रश्न त्या चरित्रात बसत नव्हता. टापर्टही १९२३चाच. नॉइसच्याच वयाचा, त्याच पूर्व आघाडीवर गेलेला.

मालिकेचे सहाही भाग आता सहज मिळतात. मी ते तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा फक्त पाद्र्याकडे बघत होतो. हातात चहाचा कप घेऊन तो बोलतो त्या ठिकाणी मी मुद्दाम थांबवून पाहिलं. भाऊकाकांचा नियम त्याला लागू होत नाही. चांगला नट, कपाचं काम कपासारखं करतो.

बोर्शेबद्दलही सांगायला हवं, कारण बर्लिनमध्ये त्याची कथा ‘हाल्सटूख’वर संपली नाही. जाहिरातीनंतर तेरा महिन्यांनी, २० फेब्रुवारी १९६३ रोजी, त्याच पश्चिम बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोरने रोल्फ होखहूट या तरुण लेखकाचं ‘डेर श्टेलफरट्रेटर’ हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. ज्यूंची कत्तल माहीत असूनही पोप बारावे पायस गप्प राहिले, असा त्या नाटकाचा आरोप. त्यावरून युरोपभर निदर्शनं झाली, सरकारांना खुलासे करावे लागले. त्या पहिल्या प्रयोगात पोपची भूमिका डीटर बोर्शेने केली. ‘स्कार्फचा खुनी’ म्हणून ज्याच्याकडे सगळा देश वर्षभर बोट दाखवत होता तोच पांढऱ्या झग्यात उभा राहिला, आणि इथे त्याचा अपराध बोलण्याचा नव्हता, न बोलण्याचा होता. पिस्काटोरने त्याला घेतलं ते त्या चेहऱ्याच्या सभ्यतेसाठी, असं मला वाटतं. ते सिद्ध करता येणार नाही. पण नटाचं नाव घेऊन संशय घ्यायला शिकलेला प्रेक्षक त्या नाट्यगृहातही होताच.

प्रेक्षकाच्या त्या सवयीचं पुढे काय झालं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्याची सुरुवात मात्र तारखेनिशी सांगता येते. २० ऑक्टोबर १९६७ रोजी एडुआर्ड त्सिमरमान याने जर्मनीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘आक्टेनत्साइखेन एक्स-वाय’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात खरे, न सुटलेले गुन्हे नटांकडून करवून दाखवायचे आणि प्रेक्षकांनी आपली माहिती फोन करून कळवायची. हजारो फोन आले. काही गुन्हेगार पकडले गेले. शेजाऱ्याकडे बोट दाखवायला सरकारमान्य खिडकी उघडून दिली आहे, अशी टीकाही तेव्हापासून होत आली. नॉइसने त्याबद्दल काही म्हटलं असतं तर मला ते ऐकायला आवडलं असतं. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता आणि पुन्हा ‘देशद्रोही’ ऐकत होता. नंतर त्याने रंगमंच सोडला, दात गेले, केस वाढवले, बर्लिनमधल्या एका घरात जमिनीवर बसून मुलाखती देत राहिला. १९८९च्या मे महिन्यात तो वारला. भिंत पडली नोव्हेंबरात.